नऊ हजार चारशे फायली आणि एमपी३टॅग

नानांना गाणं ऐकवलं की त्यांचा पहिला प्रश्न, "हे कोणाचं गं?" गायक त्यांना आवाजावरून कळतोच. त्यांना कवी आणि संगीतकार हवा असतो. आकाशवाणीवर कान तयार झालेली माणसं ही. माझ्या लॅपटॉपचं उत्तर ठरलेलं: 'अननोन आर्टिस्ट, ट्रॅक ०७'.

गिरगावचं बिऱ्हाड बोरिवलीला हलवताना कॅसेटींचे तीन खोके निघाले. काही काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून घेतलेल्या, काही रेडिओवरून टेप केलेल्या, दोन-तीन घरगुती मैफलींच्या. त्या सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवल्या. त्यात माझ्या जुन्या सीडी आणि भाच्याने पेनड्राइव्हवरून ओतलेला माल. एकूण ९,४०० फायली. यंदा जुलैचे चार रविवार पावसाने घराबाहेर पडू दिलं नाही, तेव्हा एमपी३टॅग घेऊन बसले.

विंडोजवर हा प्रोग्रॅम फुकट आहे, मॅकवर विकत घ्यावा लागतो. तो गाणी वाजवत नाही. फाइलीच्या पोटात गाण्याची माहिती लिहिलेली असते, तिलाच 'टॅग' म्हणतात, ती तक्त्यासारखी समोर मांडतो आणि एका वेळी शेकडो फायलींची माहिती बदलू देतो. 'पं. भीमसेन जोशी', 'पंडित भीमसेन जोशी', 'भिमसेन जोशी' आणि रोमन लिपीतली दोन स्पेलिंगं असे एकाच माणसाचे पाच गायक माझ्याकडे नांदत होते. पाचही निवडले, डावीकडच्या आर्टिस्टच्या रकान्यात एकदा नीट नाव लिहिलं, सेव्ह. भाच्याच्या फायलींत प्रत्येक गाण्याच्या नावामागे कुठल्यातरी वेबसाइटचं शेपूट होतं, तेही शोधा-बदलाची एक 'अॅक्शन' बनवून छाटलं.

मला सगळ्यात आवडलं ते ऑल्ट-टी. ते दाबलं की जादा रकाने उघडतात. तिथे 'लिरिसिस्ट' जोडता येतं. 'कंपोझर' आधीपासून असतंच. म्हणजे कवीलाही जागा मिळाली. भावगीतं ऐकणाऱ्या घरात या एका सोयीसाठीसुद्धा हा प्रोग्रॅम ठेवावा.

दुसरी गंमत गीतरामायणाची. ती ५६ गीतं १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ओळीने सादर झालेली. माझ्या फायलींत ट्रॅक नंबरच नव्हते, त्यामुळे फोन ती अकारविल्हे वाजवायचा आणि राम जन्माला यायच्या आत वनवासाला निघायचा. फायली क्रमाने लावल्या, कंट्रोल-के दाबलं, आकड्यांआधी शून्य लावायची खूण केली. ०१ ते ५६ मिनिटभरात. मुखपृष्ठाचं चित्र मात्र लहान करून घाला. ते प्रत्येक फाइलीत वेगळं चिकटतं. मी आधी ३ एमबीचं स्कॅन लावलं होतं, म्हणजे नुसत्या चित्राचेच १६८ एमबी!

देवनागरीचं म्हणाल तर टॅग सेव्ह करताना सेटिंगमध्ये आयडी३ व्ही२.३ (आयडी३ म्हणजे टॅग लिहायची ठरलेली पद्धत) आणि यूटीएफ-१६ (देवनागरीही मावणारी अक्षरांची सांकेतिक पद्धत) ठेवा. आयडी३च्या पहिल्या, जुन्या प्रकारात गाण्याच्या नावाला जेमतेम ३० अक्षरांची जागा, आणि तीही आपल्या लिपीसाठी नाही. इतकं करूनही आमच्या गाडीतला म्हातारा स्टिरिओ मराठी नावाच्या जागी चौकोन दाखवतो. म्हणून फाइलीचं नाव रोमनमध्ये आणि आतला टॅग देवनागरीत, असा तह केला आहे.

आता माझा गाढवपणा. अनेक फायली निवडल्या की प्रत्येक रकान्यात 'कीप' दिसतं, म्हणजे आहे ते राहू दे. मी रात्री साडेबाराला कंट्रोल-ए मारून सगळ्याच फायली निवडल्या होत्या ते विसरले आणि अल्बमच्या रकान्यात एका नाट्यसंगीताच्या कॅसेटचं नाव लिहून सेव्ह केलं. तिथल्या तिथे कळलं असतं तर कंट्रोल-झेड होतं. कळलं दुसऱ्या दिवशी चर्चगेट फास्टमध्ये, फोनवर अभंग, लावण्या आणि किशोरकुमार सगळे एकाच अल्बमात बसलेले पाहून. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या हार्ड डिस्कवर आदल्या रविवारची प्रत होती म्हणून निभावलं. एका आठवड्याचं काम गेलंच. तेव्हा आधी प्रत, मग टॅग.

दुबार गाणी शोधणं, कॅसेटची ४५ मिनिटांची अख्खी बाजू कापून गाणी सुटी करणं, ही कामं याची नाहीत. कापाकापीला मी ऑडॅसिटी वापरते, तेही फुकट. आवाजाच्या ठशावरून गाणं ओळखणारा एक प्रोग्रॅमही लावून पाहिला. हिंदी सिनेमाची गाणी त्याने पटापट ओळखली. पण खेतवाडीतल्या दिवाणखान्यात झालेल्या मैफलीचा ठसा जगात दुसऱ्या कुणाकडे नाहीच, मग तो जुळणार कशाशी? तिथे हातानेच लिहायला हवं, आणि हाताने लिहायचं तर एमपी३टॅगइतकं सुटसुटीत मला अजून काही सापडलेलं नाही.

सहाएकशे फायली उरल्या आहेत. रोज रात्री जेवणं झाली की नाना ऐकून सांगतात, मी टाइप करते. एका गाण्याच्या कवीवरून त्यांचं आणि आईचं तीन दिवस वाजलं आहे, तो रकाना तूर्त रिकामा ठेवलाय.