उकडलेल्या शेंगांसाठी 5 लिटरचा स्टीलचा कुकर

भुईमुगाच्या ओल्या शेंगा पातेल्यातही उकडतात, पण पाऊण तास गॅस जळतो. कुकरमध्ये वेळ वाचतो हे आलंच. ॲल्युमिनियम की स्टील हे मात्र मिठावर ठरतं. उकडल्यावर शेंगा त्याच खारट पाण्यात तासभर मुराव्या लागतात. ॲल्युमिनियम त्यात काळवंडतं, पाणी रात्रभर राहिलं तर बारीक खड्डे पडतात. स्टील टिकतं. मात्र मीठ पाणी गरम झाल्यावर ढवळून विरघळवायचं; खडे बुडाशी बसले तर स्टीलवरही ठिपके उमटतात.

झाकण बाहेरून बसणारं घ्या. शेंगा तरंगतात, वरच्या कोरड्या आणि अळणी राहतात. त्यावर उपाय म्हणजे वर एक स्टीलची ताटली पालथी दाबून ठेवणे, आणि आतल्या झाकणाच्या कुकरचं लंबगोल तोंड नेमकं तिथेच आड येतं.

5 लिटरमध्ये एक किलो ओल्या शेंगा, दीड लिटर पाणी, 60 ग्रॅम मीठ, चिमूटभर हळद. याहून जास्त नको, कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरता कामा नये. शेंगा चार पाण्यांत चोळून धुवा. माती राहिली तर फेसाबरोबर वर येऊन शिट्टीच्या नळीत अडकते. काळ्या पडलेल्या, बुरशीच्या शेंगा आधीच काढून टाका.

शिट्ट्या मोजण्यात अर्थ नाही, आचेप्रमाणे त्या बदलतात. पहिली शिट्टी मोठ्या आचेवर, मग बारीक आचेवर 12 ते 15 मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या. एक शेंग चिमटीत दाबा: खारं पाणी टचकन उडालं आणि दाणा कचकचला नाही, म्हणजे जमलं. दाणा शिजलाय पण अळणी, तर पुन्हा शिट्टी नको, नुसतं मुरू द्या. जून आणि कोवळ्या शेंगा एकत्र असल्या तर कोवळ्या आधी पिठूळ होतात. निवडणं कंटाळवाणं, पण फायद्याचं.

वाळलेल्या शेंगा अर्धा किलोच घ्या, रात्रभर भिजवा, बारीक आचेवर 30 ते 35 मिनिटं. चव ओल्यांची येत नाहीच.

या कुकरची एक खोड आहे: बूड पातळ असलं की हळद आणि टरफलांचा रंग तळाला तपकिरी धरून बसतो. चिंचेच्या कोळाने निघतो. रबरी रिंग मात्र लगेच साध्या पाण्याने धुवा. उरलेल्या शेंगा निथळून फ्रिजमध्ये तीन दिवस राहतात, हाताला बुळबुळीत लागल्या की टाकून द्यायच्या.