ट्रॅश-सीएलआय: टर्मिनलवर आरएम मारायच्या आधी हे टाकून घ्या

आरएम या लिनक्सच्या डिलीट कमांडने उडवलेली फाइल परत येत नाही हे सगळ्यांना माहितीये, तरी दिवसभर आपण आरएम -आरएफ (म्हणजे काही न विचारता अख्खं फोल्डर उडव) टाइप करतच असतो, म्हणून हा रिव्ह्यू. ट्रॅश-सीएलआय हे फुकट, ओपन सोर्स आणि पायथनमधे लिहिलेलं टूल आहे, उबुंटू-डेबियनवर ॲप्ट या इन्स्टॉल करायच्या कमांडने एका ओळीत बसतं. मला विचाराल तर हाताने टाइप करून डिलीट करण्यासाठी याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. स्क्रिप्टचं, म्हणजे फाइलमधे लिहून आपोआप चालवलेल्या कमांड्सचं, मात्र वेगळं आहे, ते खाली लिहिलंय.

ट्रॅश-पुट लिहून फाइलचं नाव द्यायचं, झालं. फाइल होम फोल्डरमधल्या .लोकल/शेअर/ट्रॅश मधे जाते आणि सोबत एक छोटी इन्फो फाइल बनते, त्यात मूळ पाथ आणि डिलीट केल्याची तारीख असते. डेस्कटॉपवरचा कचराडबा याच पद्धतीने चालतो, त्यामुळे टर्मिनलवरून टाकलेलं फाइल मॅनेजरमधेही दिसतं. परत हवी असेल तर ट्रॅश-रिस्टोर, तो चालू फोल्डरमधून उडवलेल्या फाइल्स नंबर लावून दाखवतो, नंबर टाकला की फाइल जागेवर. हे मला फार आवडलं, कारण एसएसएचने (नेटवर्कवरून लॉगिन करून) लांबच्या मशीनवर असतानाही हे चालतं, तिथे कुठला डेस्कटॉप आलाय!

आता बरेच जण करतात ती गोष्ट म्हणजे आरएमलाच ट्रॅश-पुटचं एलियस करणं, म्हणजे आरएम टाइप केलं की ट्रॅश-पुट चालेल असं टोपणनाव लावणं. नका करू. टूलच्या डॉक्युमेंटेशनमधेही हेच सांगितलंय आणि ते पटण्यासारखं आहे. आरएम -आर दिल्याशिवाय फोल्डरला हात लावत नाही, ट्रॅश-पुट काही न विचारता अख्खं फोल्डर उचलतो, म्हणजे हाताला भलतीच सवय लागते, आणि मग एखाद्या सर्व्हरवर ते एलियस नसतं तेव्हा तीच सवय महागात पडते. शिवाय स्क्रिप्टमधे एलियस चालतच नाहीत, शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) ते फक्त आपण समोर बसून टाइप करतो तेव्हाच बघतो.

म्हणजे स्क्रिप्टमधे हे टूल तुम्हाला आपोआप वाचवणार नाही, तिथली काळजी स्क्रिप्टमधेच घ्यावी लागते. सगळ्यात घातक ओळ म्हणजे आरएम -आरएफ, पुढे फोल्डरचं व्हेरिएबल, मग स्लॅश आणि स्टार. व्हेरिएबल रिकामं निघालं की उरतं स्लॅश-स्टार, म्हणजे रूट या सगळ्यात वरच्या फोल्डरमधलं सगळं. आरएम आता नुसत्या रूटला नाही म्हणतो हे खरंय, पण इथे शेलने स्टार आधीच उलगडून रूटखालची एकेक नावं हातात दिलेली असतात, त्यामुळे ते संरक्षण लागूच होत नाही. 2015 मधे स्टीम या गेमिंग ॲपच्या लिनक्स स्क्रिप्टमधे नेमकी अशीच ओळ सापडली होती, एका युजरने स्टीमचं फोल्डर हलवलं आणि त्याच्या फाइल्स गेल्या, बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हवरच्यासुद्धा!

उपाय अगदी छोटा आहे. व्हेरिएबल महिरपी कंसात लिहा आणि कंसाच्या आतच नावानंतर कोलन आणि प्रश्नचिन्ह टाका, रिकामं असेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. स्क्रिप्टच्या सुरुवातीला लिहितात त्या नुसत्या सेट -यू वर विसंबू नका, तो कधी दिलंच नाही असं व्हेरिएबल पकडतो, दिलेलं पण रिकामं असेल तर सोडून देतो. नाव डबल कोटमधे, नाहीतर स्पेस असलेल्या नावाचे तुकडे होतात. सीडीनंतर (फोल्डर बदलायची कमांड) आरएम असेल तर मधे दोन ॲम्परसँड, म्हणजे सीडी फसली तर डिलीट होणार नाही. आणि फाइल्स शोधायची फाइंड कमांड वापरत असाल तर -डिलीट कायम शेवटी, अटींच्या आधी लिहिलात तर अट बघायच्या आधीच सगळं साफ. मी तर आधी -प्रिंट लावून यादी बघते, मगच बदलते.

टूलच्या कमी बाजू पण सांगते. जागा लगेच मोकळी होत नाही, डिस्क भरलेली असताना ट्रॅश-पुट मारून काही फायदा नाही. ट्रॅश-एम्प्टी 30 दिलं की 30 दिवसांपेक्षा जुनं साफ होतं, ते क्रॉनमधे (ठरावीक वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय) टाकून द्या, नाहीतर कचरा साठतच जातो. सुडोने, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, उडवलं तर फाइल रूट या ॲडमिन युजरच्या ट्रॅशमधे जाते, तुमच्या ट्रॅश-लिस्टमधे (ट्रॅशमधली यादी दाखवणारी कमांड) शोधत बसलात तर सापडणार नाही, सुडो लावूनच बघावं लागतं.