हिवाळाभर उभी गाडी: बॅटरीची वायर सोडवावी, चार्जर लावावा की अधूनमधून इंजिन सुरू करावं?

गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल, तर सगळ्यात आधी मान टाकते ती बॅटरी. गाडी लॉक असली तरी अलार्म, घड्याळ, सेंट्रल लॉकिंग थोडा थोडा करंट खातच असतात. तो ५० मिलिअँपिअर धरला तरी दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात, म्हणजे ४५ अँपिअर-अवरची बॅटरी अडीच-तीन आठवड्यांत निम्मी होते.

आठवड्यातून एकदा दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवणं हा सर्रास चालणारा आणि सगळ्यात वाईट उपाय. आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं सुरू) अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, फारसं चार्जिंग देत नाही. इंजिन पुरतं तापत नाही, त्यामुळे सायलेन्सरमध्ये पाणी साचून तो आतून गंजतो आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. सुरू करायचीच असेल, तर निदान अर्धा तास रस्त्यावर चालवावी.

वायर सोडवायला फक्त पाना लागतो, बहुतेक गाड्यांत १० नंबरचा. निगेटिव्हच सोडवायची. पॉझिटिव्हला आधी हात घातला आणि पाना बॉडीला टेकला, की थेट शॉर्ट. सोडवलेलं टोक कापडात गुंडाळून बाजूला वळवून ठेवा, नाहीतर ते परत टर्मिनलला टेकतं. त्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करा: काही तास विसावल्यावर मल्टिमीटरवर १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. तोटा एवढाच की घड्याळ, रेडिओचा कोड, काचांचं ऑटो सेटिंग जातं. बॅटरी डिकीत असेल आणि डिकीचं लॉक विजेवर चालत असेल, तर डिकी बंद करण्याआधी किल्लीने उघडते का ते पाहा.

जवळ प्लग असेल, तर मेंटेनर चार्जरच घ्या. एक अँपिअरचा पुरतो. तो बॅटरी भरली की सुमारे १३.५ व्होल्टवर धरून ठेवतो आणि आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर (त्याने बॅटरीची ताकद घटते) साचू देत नाही. साधा जुना चार्जर मात्र महिनाभर लावून ठेवू नये, बॅटरीतलं पाणी वायू होऊन आटतं. एजीएम बॅटरीला (आम्ल काचेच्या तंतूंच्या थरात शोषलेली सीलबंद बॅटरी) त्याच मोडचा चार्जर हवा. निगेटिव्हला बॅटरीचा करंट मोजणारा सेन्सर असेल, तर काळा चिमटा बॉडीच्या अर्थ पॉइंटला लावा.

प्लग नाही आणि थंडी कडक असेल, तर बॅटरी काढून घरात आणा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. भरलेली बॅटरी उणे ५० अंशांपर्यंत तग धरते. उतरलेली उणे दहाच्या आसपासच गोठते. गोठलेल्या बॅटरीला चार्जर लावू नका, ती फुटू शकते. आधी पूर्ण वितळू द्या. केस फुगलेली किंवा तडकलेली दिसली, तर ती बदलायचीच.