सुरत की इंदूर? खान्देश सोडण्याआधी

धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या पोराला जवळपास काम मिळालं नाही की दोन वाटा समोर असतात. तापीच्या खोऱ्याने पश्चिमेला सुरत, नाहीतर सातपुडा ओलांडून इंदूर. बहुतेक जण आधी पगार विचारतात. आधी हे विचारा: रात्री दहाला घरून फोन आला तर सकाळपर्यंत दारात पोचता येईल का?

इथे सुरत पुढे आहे. भुसावळ-सुरत मार्गावर अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर अशी गावं ओवलेली आहेत. नंदुरबारहून साधारण तीन तास लागतात, जळगावहून पाच-सहा. आपली वस्ती उधन्याच्या आसपास असल्याने मुख्य सुरतपर्यंत जायची गरजच पडत नाही. मात्र दिवाळीला आणि आखाजीला (अक्षय तृतीयेला) जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नसते. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हाच करून ठेवा. इंदूरला धुळ्याहून शिरपूर, पळासनेर, सेंधवा असा आग्रा रोड आहे, अडीचशे किलोमीटरच्या पुढे. बिजासन घाटात एक ट्रक बंद पडला की बस तासन्‌तास अडकते. जळगावकरांना बुऱ्हाणपूर-खंडव्याचा रस्ता. धुळे-शिरपूर-सेंधव्यावरून जाणाऱ्या मनमाड-इंदूर रेल्वेला केंद्राने २०२४ मध्ये मंजुरी दिली, पण तिच्या भरवशावर आज निर्णय घेऊ नका.

काम कोणतं येतं, यावर पुढचं ठरतं. सुरतेत लूम (यंत्रमाग), डाइंग मिल (कापड रंगवण्याचे कारखाने), एम्ब्रॉयडरी आणि रिंगरोडच्या कापड मार्केटमध्ये बिनशिक्षणाचा माणूसही चार-आठ दिवसांत कामाला लागतो. पण लूमवर मजुरी मीटरवर आणि पाळी बारा तासांची. दिवाळीला कारखाने बंद झाले की तेवढे दिवस मजुरी नाही. वर्षाचा हिशेब बारा महिन्यांचा धरलात तर फसाल. ठेकेदाराची मोठी उचल घेऊ नका, ती फिटेपर्यंत काम बदलता येत नाही. लूमच्या आवाजाने कान हळूहळू जातात, म्हणून पहिल्या दिवसापासून कानात बोळे घाला.

डिप्लोमा, आयटीआय किंवा फार्मसी झालेल्यांनी इंदूरकडे बघावं. पिथमपूरला गाड्यांचे आणि औषधांचे कारखाने आहेत. ते इंदूर शहरात नाही, धार जिल्ह्यात आहे; कंपनीची बस कुठून सुटते ते विचारून मगच खोली घ्या. कामावर लागताना पगाराची पावती मागा आणि पीएफचा यूएएन नंबर जपा. नोकरी किंवा राज्य बदललं तरी तो एकच राहतो. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयचंही (कामगारांचा आरोग्य विमा) विचारा.

माणसांच्या बाबतीत मात्र तुलनाच नाही. लिंबायत, डिंडोली, पांडेसरा भागात "कोठला शे भो?" (कुठला आहेस भाऊ?) असं अहिराणीत कानावर पडतंच. श्रावणात कानबाई ही खान्देशची देवी बसते, तिच्या रोटाला (प्रसादाच्या जेवणाला) भाऊबंद जमतात. इंदूरला होळकरांच्या काळापासून मराठी घरं आहेत, पण अहिराणी बोलायला माणूस शोधावा लागतो. एकट्या पोराला हे चालून जातं. आई किंवा बायको सोबत असेल तर तिचा दिवस कसा जाईल, याचा विचार करा.

सगळ्यात महाग चुका कागदांच्या असतात. एससी, एसटी, ओबीसीचा महाराष्ट्राचा दाखला गुजरात किंवा मध्य प्रदेशच्या राज्य कोट्यात चालत नाही, केंद्राच्या भरतीत चालतो; ओबीसीला मात्र तो केंद्राच्या नमुन्यातला लागतो. नंदुरबारच्या भिल्ल-पावरा कुटुंबांनी हे जाण्याआधीच लक्षात घ्यावं. महाराष्ट्रात एमबीबीएसच्या राज्य कोट्याला दहावी-बारावी इथूनच लागते. म्हणून मूल नववीत असेल तर बारावीपर्यंत त्याला आजी-आजोबांकडे ठेवणं बरं. लहान मुलांसाठी सुरत महापालिकेच्या मराठी शाळा आहेत, पण गुजरातीही शिकावी लागते. इंदूरला हिंदी किंवा इंग्रजी माध्यम धरूनच चला.

रेशनकार्डातून नाव कमी करू नका. आधार जोडलेलं असेल तर तुमच्या वाट्याचं धान्य परराज्यातल्या दुकानावर मिळतं आणि बाकीचं घरचे गावात उचलू शकतात. अंगठा जुळत नसेल तर आधार अपडेट गावातच करून निघा, नाहीतर तिकडच्या दुकानातून रिकाम्या हाताने परत याल. मोटारसायकल १२ महिन्यांपेक्षा जास्त तिकडे ठेवणार असाल तर आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) घेऊन नवी नोंदणी करावी लागते. जुनी गाडी घरीच ठेवलेली परवडते. आयुष्मान कार्ड दोन्हीकडे चालतं. गुजरातेत दारूबंदी आहे, नवापूरच्या पुढे पिशवीत बाटली नको.

पहिल्या तीन महिन्यांसाठी भाड्याची अनामत, दोन महिन्यांचा खर्च आणि घरी परतायचं भाडं वेगळं काढून ठेवा. गॅस कनेक्शनसाठी थांबू नका. पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो.