सराट्यांच्या रस्त्यावर साडेपाचशे किलोमीटर: श्वाल्बे मॅरेथॉन प्लस टायर

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात वॅगा वॅगाहून स्टर्ट हायवेने पश्चिमेला निघालं की नॅरँडेरा साधारण १०० किलोमीटरवर, तिथून हेय १७०, पुढे बॅलरॅनल्ड १३० आणि मिल्ड्युरा आणखी १६०. यंदा एप्रिलमध्ये हा सगळा रस्ता मी एकटीने, चार पॅनियर (चाकांच्या बाजूला लटकवायच्या पिशव्या) लादलेल्या सायकलवर केला आणि एकदाही पंक्चर काढायला बसावं लागलं नाही. दोन वर्षांपूर्वी याच रस्त्यावर मी रडकुंडीला आले होते, म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

तेव्हाचे माझे टायर हलके आणि पातळ होते. हेयच्या अलीकडे एका रेस्ट एरियात सावली दिसली म्हणून सायकल गवतावरून ढकलत बाकापर्यंत नेली. डबा खाऊन उठते तर दोन्ही चाकं बसलेली. मोजून अकरा काटे काढले. एक तळहातावर घेऊन पाहिला आणि ओळख पटली. हा तर सराटा! आपल्या शेताच्या बांधावर पायात घुसतो तोच, ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस. इथे त्याला कॅटहेड किंवा गोटहेड म्हणतात. त्याचं फळ वाळून फुटलं की तुकडे होतात आणि तुकडा कसाही पडला तरी एखादं शिंग वर राहतंच. दोन जादा ट्यूब संपल्या, पॅच संपले. शेवटी एका वयस्कर जोडप्याने सायकल यूटमध्ये, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीत, टाकून मला हेयपर्यंत पोचवलं. या पट्ट्यातल्या छोट्या गावांत ट्रॅक्टरचा टायर मिळेल, सायकलचा मिळेलच याचा भरवसा नाही.

म्हणून या वेळी श्वाल्बे कंपनीचे मॅरेथॉन प्लस टायर चढवले. त्यांची सगळी करामत आतल्या थरात आहे. बाहेरचं रबर आणि ट्यूब यांच्या मध्ये पाच मिलिमीटर जाडीची लवचिक रबराची गादी असते. काटा बाहेरच्या रबरातून शिरतो, पण या गादीतच अडकतो, ट्यूबपर्यंत पोचत नाही. बाजूने चमकणारी पट्टी आहे. पहाटेच्या अंधारात निघणाऱ्याला तिचा मोठाच आधार वाटतो. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो बघूनच चढवा.

वजनाचं आधीच सांगते. माझ्या मापाचा एक टायर जवळजवळ एक किलोचा आहे. शनिवारी सकाळी रिकाम्या सायकलवर मित्रमंडळींबरोबर पळायचं असेल तर हा टायर तुमच्यासाठी नाही. पण हेयच्या पुढचं मैदान ताटासारखं सपाट आहे, झाड औषधालाही नाही, नुसतं सॉल्टबुशचं खुरटं रान. तिथे तुम्हाला थकवतो तो समोरून येणारा पश्चिमेचा वारा. दहा-बारा लिटर पाणी आणि तंबू लादल्यावर टायरचं ते जादा वजन मला तरी जाणवलं नाही.

काटे नेमके कुठे लागतात, हे मात्र मला या वेळी नीट कळलं. हायवेचं डांबर बहुतेक साफ असतं. सराटे असतात गावाच्या वेशीवर: कॅरव्हॅन पार्कच्या हिरवळीत, शोग्राउंडच्या, म्हणजे गावच्या कृषी-प्रदर्शनाच्या, मैदानात, पबच्या मागच्या अंगणात. शिवाय रस्त्याच्या कडेच्या खडीत. न्यू साउथ वेल्समध्ये ताशी ६० किलोमीटरपेक्षा जास्त वेगमर्यादेच्या रस्त्यावर गाडीने सायकलपासून दीड मीटर अंतर ठेवावं असा नियम आहे, आणि बहुतेक ड्रायव्हर तो मनापासून पाळतात. पण दोन बी-डबल (दोन ट्रेलर जोडलेले लांबलचक) ट्रक समोरासमोर येताना दिसले की मी स्वतःच खडीत उतरते. त्या खडीत मी किती वेळा उतरले असेन! आधीच्या टायरवर असते तर प्रत्येक वेळी जीव टांगणीला लागला असता. ट्रकच्या फुटलेल्या टायरांच्या बारीक स्टीलच्या ताराही कडेला पडलेल्या असतात. त्यांच्यापुढे कुठल्याच टायरची हमी देता येत नाही, म्हणून जादा ट्यूब आणि चिमटा तरीही जवळ ठेवाच. ट्यूब मोटारच्या व्हॉल्व्हची घ्या. मग गावातल्या पेट्रोल पंपावर, म्हणजे इथल्या ‘सर्वो’वर, आरामात हवा भरता येते. मी मागच्या चाकात हवेचा दाब ७० पीएसआय ठेवते, पुढच्यात थोडा कमी.

बॅलरॅनल्डला एक गंमत झाली. टायर शाबूत, पण चपलेच्या तळव्याला चिकटून एक सराटा तंबूत आला आणि झोपायच्या गादीची हवा गेली. रात्र जमिनीवर काढली. तेव्हापासून चपला तंबूबाहेर, उलट्या करून.

मरे नदीवरचा पूल ओलांडून मिल्ड्युरात शिरले आणि पहिल्यांदा मागचं चाक हळूहळू फिरवून चिमट्याने काटे उपटत बसले. मागून चौदा निघाले, पुढून नऊ. ट्यूबला एकही भोक नाही. दोन्ही टायर बदलायला दीडशे डॉलरच्या आसपास गेले होते, आणि टायरवरची नक्षी अजून स्पष्ट दिसतेय. पुढचा बेत मिल्ड्युराहून वेंटवर्थमार्गे ब्रोकन हिल, जवळपास ३०० किलोमीटर. टायर हेच राहतील.