बोटीसाठी घेतलेली सिलिका जेलची डबी: दोन हिवाळ्यांनंतर

हवेतली ओल शोषणारी आणि वीज लावून पुन्हा वाळवता येणारी ही डबी मी मुळात फिशफाइंडरसाठी, म्हणजे पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रासाठी घेतली. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात बोट बंद होती, तेव्हा त्याच्या काचेला आतून धुकं धरलं आणि प्लगच्या पिना हिरव्या पडल्या. बाहेरून यंत्र नवंकोरं, चालू केलं तर पडद्यावर नुसत्या रेघा.

डबीत दीडशे ग्रॅम नारिंगी मणी आहेत. ओल शोषली की ते हिरवे होतात. मग मागची पिन सॉकेटमध्ये खोचायची, आतला हीटर मणी तापवून ओल बाहेर काढतो. माझ्या डबीला त्यासाठी अख्खी रात्र लागते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून पाहिली, कोरड्या आणि पूर्ण हिरव्या डबीच्या वजनात 40 ग्रॅमचा फरक आला. एवढ्या मण्यांच्या मानाने चांगलाच.

पण खोक्यावर 'संपूर्ण केबिनसाठी पुरेशी' असं छापलंय, ते मला पटलेलं नाही. माझ्या केबिनमध्ये साधारण 10 घनमीटर हवा मावते. 20 अंशांना एका घनमीटर हवेत 17 ग्रॅमपर्यंत वाफ राहू शकते, 5 अंशांना जेमतेम 7. म्हणजे दुपारी उन्हाने तापलेली केबिन रात्री गार पडली, की जास्तीची वाफ काचेवर, धातूवर, स्विचबोर्डच्या मागे थेंब होऊन बसणार. त्या दहा घनमीटरमध्ये डबीच्या 40 ग्रॅमचं काय होणार? त्यात केबिनला हवा खेळायला झरोके आहेत, तिथून नवी ओल रोज येतेच. पहिल्या वर्षी आठवड्याभरात मणी हिरवेगार.

आणि मी काय करावं? डबी तिथेच, केबिनमधल्याच सॉकेटला लावून दिली. सकाळी मणी छान नारिंगी आणि खिडक्यांवरून पाण्याचे ओघळ! आठवडाभर जमवलेली ओल मी एका रात्रीत परत केबिनला देऊन टाकली होती. डबी घरी नेऊनच वाळवावी, हे माहितीपत्रकात कुठेच नाही. यासाठी एक तारा कापतोय.

दुसऱ्या वर्षी पद्धत बदलली. प्लॉटर (नकाशावर बोटीची जागा दाखवणारं यंत्र), व्हीएचएफ रेडिओ आणि दुरुस्त करून आणलेला फिशफाइंडर ब्रॅकेटवरून काढले. गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसले, कारण अंगावर मीठ राहिलं तर हवेची आर्द्रता पाऊणशे टक्क्यांवर गेली, की ते आपणहून ओलं होतं. दोन दिवस वाळवले आणि रबरी कड असलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात डबीसकट ठेवले. बोट पुन्हा पाण्यात उतरेपर्यंत मणी नारिंगीच होते, कडेचे चार-पाच सोडून. यंत्रं पहिल्या झटक्यात चालू झाली. या कामासाठी डबीला पैकीच्या पैकी.

नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत मात्र यंत्र गुंडाळू नका. आत अडकलेली ओल तिथेच घाम धरते.

बोटीतच राहणाऱ्या तारांचं आणि फ्यूजबोर्डाचं काम या डबीच्या आवाक्यातलं नाही. तिथे मी प्लग साफ करून सिलिकॉन ग्रीस लावतो, टोपणं बसवतो आणि बोर्डाचं दार किलकिलं ठेवतो. जिथे तार बदलली तिथे कल्हई केलेली तांब्याची घातली. ती अजून काळवंडलेली नाही.

कॅल्शियम क्लोराइडचं डबडं स्वस्त पडतं आणि पाणीही भरपूर ओढतं, हे खरं. पण ओढलेल्या पाण्याचा खारट द्राव होतो, तो कधी धड वाळत नाही आणि धातू खातो. माझं कोपराचा धक्का लागून बॅटरीजवळ सांडलं, तेव्हापासून ते बोटीत येत नाही. कॉम्प्रेसरवाला डीह्युमिडिफायर कडक थंडीत स्वतःच्याच कॉइलवर बर्फ धरतो. केबिनसाठी मशीनच हवं असेल, तर ओल शोषणाऱ्या चाकाचं बघा.

डबीला पाचपैकी चार. आणखी एक घेणार आहे, हातातल्या जीपीएसच्या छोट्या डब्यासाठी.