पहिलीचं पहिलं सत्र : दोन दप्तरं ओसरीवर उपडी करून

दिवाळीत माहेरी गेले तेव्हा ओसरीवर दोन दप्तरं पडलेली होती. एक भावाच्या मुलीचं, परीचं. ती चोपडा-यावल रस्त्यावरच्या आमच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला आहे. दुसरं बहिणीच्या मुलाचं, ओमचं. तो जळगावला सीबीएसईच्या इंग्रजी शाळेत, तोही पहिलीतच. वयात दोन महिन्यांचं अंतर. एक मला फुई म्हणते, दुसरा मावशी. इकडे सासरी धाकट्या जावेची मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीत जायची आहे आणि महिनाभर जावेचा एकच धोशा चाललाय, "ताई, सांगा ना, कुठं घालू?"

मग काय, दोघांच्या हातात एकेक लाडू दिला आणि दप्तरं उपडी केली. जून ते दिवाळी ही मुलं काय शिकली ते वह्यांतून पाहिलं, मग मुलांकडून करून घेतलं. दोन मुलांवरून दोन पद्धतींचा निवाडा होत नाही, हे मलाही कळतं. पण जावेसारखंच तुमचंही अडलं असेल तर कुठं बघायचं एवढं तरी समजेल.

आधी वजन. भावाच्या दुकानातल्या काट्यावर परीचं दप्तर डब्यासकट दीड किलोच्या आत भरलं, ओमचं साडेतीनला टेकलं. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो धरलेत आणि दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये असंही म्हटलंय. ओमच्या डायरीत रोज गृहपाठ. आता गंमत बघा, सीबीएसई शाळांसाठी पुस्तकं काढणाऱ्या केंद्राच्या एनसीईआरटीने २०२३ पासून पहिलीला तीनच विषय ठेवलेत : हिंदीचं 'सारंगी', इंग्रजीचं 'मृदंग' आणि गणिताचं एक. ओमच्या दप्तरातली बाकीची पुस्तकं, म्हणजे सामान्य ज्ञान, कॉम्प्युटर, कर्सिव्ह, सगळी खासगी प्रकाशकांची. तेव्हा 'सीबीएसई आहे' एवढ्यावर समाधान मानू नका, पुस्तकांची यादी मागून घ्या.

वाचन

दोन्हीकडची वर्षअखेरची अपेक्षा खरं तर एकच आहे. निपुण भारत हा लहान मुलांच्या वाचन-गणिताचा केंद्राचा कार्यक्रम जुलै २०२१ मध्ये सुरू झाला. त्यात पहिली संपताना मुलाला चार-पाच सोप्या शब्दांचं, आधी न पाहिलेलं वाक्य वाचता यावं असं ठरलंय. दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीअखेर ६०च्या वर. 'आधी न पाहिलेलं' हे शब्द मी मुद्दाम लिहिले, कारण खरी परीक्षा तिथेच होते.

परीच्या शाळेत मुळाक्षरं क-ख-ग अशी ओळीने घेत नाहीत. ग, म, भ, न अशी थोडी अक्षरं घ्यायची, त्यांचे शब्द करायचे, मग काना, मग पुढचा गट. दिवाळीपर्यंत काना, वेलांटी आणि उकार झाले होते. मी तिला एसटीची पाटी लिहून दिली. 'यावल' तिने धडाधड वाचलं. 'भुसावळ' अडखळत, पण बरोबर. 'चोपडा'ला थांबली. ती रोज पाहते ती पाटी, पण डोक्यावरची मात्रा अजून शिकवलेली नाही, म्हणून प्रामाणिकपणे "हे नाही आलं अजून" म्हणाली. मला ते फार आवडलं.

ओमने इंग्रजीचा धडा मोठ्या आवाजात, हातवारे करत म्हणून दाखवला. बहिणीची मान ताठ. मी चित्रावर हात ठेवला, तरी गाडी चालूच. मग लक्षात आलं की बोट दुसऱ्या ओळीवर आहे आणि तोंड तिसऱ्या. धडा पाठ होता. पण त्याला कमी लेखू नका. कागदावर मी 'कॅट', 'पिन', 'मॅप' असले तीन अक्षरी शब्द लिहून दिले, तेव्हा त्याने एकेक आवाज सुटा काढला, जोडला आणि तिन्ही बरोबर वाचले. त्याच्या बाई अक्षरांच्या आवाजावरून शिकवतात आणि चांगलं शिकवतात. अडचण बाईंची नाही, इंग्रजीची आहे. मराठीत बाराखडी एकदा हाताशी आली की जोडाक्षरं सोडून जवळपास काहीही वाचता येतं. इंग्रजीत 'पुट' आणि 'बट' शेजारी आले की शिकलेला नियम मोडतो. तिथे वेळ जास्त लागणारच. त्यामुळे दिवाळीत दोघांची तुलना करून 'इंग्रजीवाला मागे पडला' म्हणणं चूक. आणि पाठ धडा ऐकून 'फाडफाड वाचतो' म्हणणं त्याहून मोठी चूक.

घरची बोली

याबद्दल कुणी विचारतच नाही, आणि खानदेशात तर आधी हेच विचारायला हवं. आमच्या घरात अहिराणी. पोराला आंडोर आणि पोरीला आंडेर म्हणतात, 'आहे'ला 'शे', 'सगळे'ला 'बठ्ठा'. परीच्या श्रुतलेखनाच्या वहीत 'डोळा'च्या जागी 'डोया' होतं, 'पाणी'च्या जागी 'पानी'. भाऊ चिडला, म्हणे एवढं सोपं येत नाही. अरे, तुझी आईच डोया म्हणते! पोरीने कानाने ऐकलं ते अचूक लिहिलं. आवाजाचं अक्षर करायला ती शिकली, उरलं ते फक्त प्रमाण रूप. तिच्या गुरुजींना हे कळलेलं दिसलं. त्यांनी लाल फुली मारलेली नाही. शेजारी 'डोळा' लिहिलंय आणि दोन्हींखाली रेघ ओढलीय.

म्हणजे आमच्या मुलांना पुस्तकातली मराठी हीच अर्धी परकी. अक्कलकुवा-धडगावकडे भिल्ली किंवा पावरी बोलणाऱ्या घरांत तर सगळीच परकी. अशा मुलाला थेट इंग्रजीत बसवलं की त्याला एक नाही, दोन पायऱ्या एकदम चढायच्या असतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९व्या कलमात 'व्यवहार्य असेल तिथवर मातृभाषा' असं म्हटलंय आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा. ते कुणाला तरी खूश करायला लिहिलेलं नाही, त्यामागे हेच कारण आहे.

ओमच्या घरी जळगावात प्रमाण मराठी बोलतात, आई बी.एस्सी. झालेली. त्याला वर्गात इंग्रजी, हिंदी आणि मराठी अशा तीन भाषा. २०२० च्या कायद्याने मराठी सगळ्याच बोर्डांना सक्तीची आहे, पण त्याच्या शाळेत तिला आठवड्याला तीन तास. परीला मराठी आणि इंग्रजी दोनच. राज्याने एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी आणायचं ठरवलं, केवढा गदारोळ झाला, आणि २९ जूनला ते आदेश मागे घेतले. गावात त्या दोन महिन्यांत यावर जेवढी चर्चा झाली तेवढी पोरं वाचतात का यावर झाली असती तर बरं झालं असतं, असो.

आकडे

इथे मात्र ओम पुढे निघाला. मी दोघांना तेरा पणत्या आणायला सांगितल्या, त्याला 'थर्टीन' म्हणून. दोघांनी बरोबर आणल्या. मग म्हटलं, अजून चार ठेवा आणि किती झाल्या सांगा. ओम चौदापासून पुढे मोजत सतरावर थांबला. परीने सगळ्या परत एकपासून मोजल्या. उत्तर तेच, पण पुढे मोजणं ही वरची पायरी आहे आणि ओम ती चढलाय. त्याच्या वहीत शंभरपर्यंत आकडे आहेत, परीच्या वहीत वीसपर्यंत. निपुणप्रमाणे पहिलीअखेर दोघांनाही ९९पर्यंत वाचता-लिहिता यायला हवं, म्हणजे परीला दुसऱ्या सत्रात बराच पल्ला मारायचाय.

त्या पल्ल्यात एक खड्डा आहे तोही सांगते. मराठीत आपण 'पंचवीस' म्हणतो, पाच आधी आणि वीस नंतर. लिहिताना मात्र २ आधी. त्यामुळे निम्मी पोरं ५२ लिहून ठेवतात. 'एकोणतीस'मध्ये तर तीस ऐकू येतं आणि लिहायचा २. इंग्रजीत वीसच्या पुढे जसं बोलतात तसंच लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी जोड दिली तेव्हा लोकांनी केवढी थट्टा केली होती! मला तेव्हाही ती सूचना वेडगळ वाटली नव्हती. परीला मी पुढचे चार दिवस तसंच शिकवलं, आधी 'वीस आणि पाच', मग 'पंचवीस'. लगेच डोक्यात बसलं.

उलट बाजूही आहे. ओमला भावाच्या दुकानात बसवलं. गिऱ्हाईक म्हणालं, "पस्तीस झाले ना?" तर हा माझ्याकडे बघतो, "मावशी, पस्तीस म्हणजे थर्टी फाइव्ह का फिफ्टी थ्री?" इंग्रजी शाळेत घालणार असाल तर मराठी आकडे घरी शिकवावे लागतील. शाळा शिकवणार नाही, आणि चोपड्याचा भाजीबाजार इंग्रजीत चालत नाही.

इंग्रजी बोलण्याचं म्हणाल तर ओमला सूचना कळतात, तो पाणी-बाथरूम इंग्रजीत मागतो. परीला फळं, रंग, प्राणी आणि दोन बडबडगीतं. राज्यात २००० पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी विषय आहे, पण गुरुजींचा त्यातला हात आखडता, ते वहीवरून दिसतं. चित्रकला, खेळ, गाणी यांत दोघांत फारसा फरक नाही. परीच्या शाळेत पोळ्याला मातीचे बैल केले होते, ओमच्या शाळेत बैलाचं रंगवायचं चित्र छापील आलं होतं.

पैसा आणि संध्याकाळ

जिल्हा परिषदेत फी नाही, पुस्तकं फुकट, दुपारी शिजवलेलं जेवण. ओमच्या शाळेत फी, व्हॅन, दोन गणवेश, वर ती पुस्तकं. व्हॅनमध्ये जाता-येता दीड तास जातो, तो पैशात धरत नाहीत. शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के राखीव जागांच्या सोडतीत तुमचं मूल बसत असेल तर फी वाचते, बाकीचे खर्च कोण करणार ते आधी लेखी विचारा.

पण खरा हिशोब संध्याकाळचा आहे. ओमची आई रोज दीड तास त्याच्याजवळ बसते. ती नसती तर ती वही तशी दिसली नसती, हे तिनेच कबूल केलं. परीजवळ संध्याकाळी आजी असते, तिला वाचता येत नाही. तरी परी वाचू लागली, कारण जे झालं ते शाळेतच झालं. तुमच्या घरी कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी सातला कोण मोकळं असतं, ते बघा.

माझं मत जावेला सांगितलं तेच लिहिते. घरात अहिराणी, इंग्रजीचा अभ्यास घ्यायला कुणी नाही, आणि गावची शाळा जागेवर असेल, तर तिसरीपर्यंत गावातच. पुढे सेमी-इंग्रजी आहे, तालुक्याला शाळा आहेत. मात्र 'शाळा जागेवर असेल' ही अट पोकळ नाही. कायद्याने साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक. चार वर्ग आणि दोन गुरुजी, त्यातले एक पंचायत समितीच्या बैठकीला, म्हणजे पहिलीची पोरं दिवसभर पाटीवर रेघोट्या मारतात. परीच्या शाळेत पहिलीला स्वतंत्र गुरुजी आहेत, आणि ते बदलून गेले तर माझं मतही बदलेल. घरात कुणी शिकलेलं आहे, शाळा जवळ आहे आणि फीने घर ओढलं जात नाही, तर ओमच्या शाळेसारखी शाळाही चालेल. फक्त सुरुवातीची दोन वर्षं मुलाला मराठी वाचायला घरी शिकवा.

जाऊ म्हणाली, "म्हणजे ठरलं का?" नाही ठरलं. आधी शाळा बघून ये म्हटलं. दोन्हीकडे गेल्यावर पहिलीची नाही, दुसरीची वही मागायची, कारण पहिलीत काय रुजलं ते दुसरीत दिसतं. हुशार मुलाची वही पुढे करतील, आपण मधल्या बाकावरच्याची मागायची. आपल्या घरून एखादं न शिकवलेलं पान न्यायचं, दिनदर्शिकेचं मागचं पान चालेल, आणि एका मुलाला दोन ओळी वाचायला सांगायचं. वर्गात मूल घरच्या बोलीत बोललं तर शिक्षक हसतात, दटावतात की उत्तर देतात, तेवढं कान देऊन ऐकायचं. जायचं ते मंगळवार-बुधवारी, जेवणाच्या सुट्टीआधी. शनिवारी सकाळची शाळा असते, आणि गावच्या बाजाराच्या दिवशी अर्धा वर्ग आईबापांबरोबर बाजारात.